रिद्धपूरचे साक्षीदार, मोगलीचे प्रेक्षक

मराठी घरात ॲनिमेशनचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, 'ते पोरांचं आहे, आपलं काय त्यात?' म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण या वाक्यात दोन नकार आहेत. मोठ्यांनी हे पाहू नये, हा पहिला. मुलं जे पाहतात त्यावर त्यांचं गंभीर मत असूच शकत नाही, हा दुसरा, आणि तो मला जास्त घातक वाटतो. गेल्या तीसेक वर्षांत अद्भुत साहसकथांच्या ॲनिमेशन मालिका वऱ्हाडातल्या घराघरांत पाहिल्या गेल्या. लोक त्यांच्याविषयी ओट्यावर बोलले, शाळेच्या मधल्या सुट्टीत बोलले, बागेत संत्र्याची तोडणी चालू असताना बोलले. त्यातलं जवळजवळ काहीही कुणी लिहून ठेवलं नाही.

माझं म्हणणं असं आहे की 'सर्व वयांसाठी' हे बिरुद कुठल्याही मालिकेला तिचा निर्माता देऊ शकत नाही. ते प्रेक्षक देतात. कथा एकच असताना आठ वर्षांच्या मुलाचं, त्याच्या आईचं आणि आजोबांचं मत वेगळं पडतं आणि तिघांचंही मत कथेत पाय रोवून उभं राहतं, तेव्हा ती कथा सर्व वयांची ठरते. म्हणून अशी मतं बोलणाऱ्याच्या वयासकट आणि आपसातल्या मतभेदांसकट जपायला हवीत. हे काम मराठीने एकदा फार मोठ्या ताकदीने केलेलं आहे. ते जिथे झालं ते गाव वऱ्हाडातच आहे.

साक्षीदारांचं गाव

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात, सातपुड्याच्या दक्षिणेला रिद्धपूर आहे. महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांपैकी गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राउळ, यांचं हे गाव. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचे ते गुरू. स्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर नागदेवाचार्य आणि इतर भक्तमंडळी रिद्धपूरला आली आणि गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. त्याच काळात, शके 1200च्या, म्हणजे इसवी सन 1278च्या सुमारास, म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. त्यांचा 'लीळाचरित्र' हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानला जातो. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे त्याचे भाग आहेत आणि आतली रचना छोट्या छोट्या प्रसंगांची आहे. प्रत्येक लीळा स्वतंत्र वाचता येते. सलग वाचली तर त्यातून माणसं, गावं आणि वाटा उलगडत जातात.

हा ग्रंथ ज्या पद्धतीने तयार झाला तिच्याविषयी मला फार आदर वाटतो. जे प्रसंगाच्या वेळी हजर होते त्यांना म्हाइंभटांनी विचारलं. नागदेवाचार्यांची आठवण हा मोठा आधार होता, पण तो एकमेव नव्हता. स्त्रियांच्या आठवणींनाही तितकंच मोल होतं. पुढे धाडीच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि पंथातल्या लोकांनी ती आपापल्या स्मरणातून पुन्हा उभी केली. त्यात हिराइसेचं स्मरण फार महत्त्वाचं ठरलं. त्यामुळे महानुभाव पोथ्यांत एकाच प्रसंगाचे निरनिराळे पाठ शेजारी शेजारी दिसतात. अमुक आठवण कुणाची, याची नोंद असते. दोन साक्षीदारांचं सांगणं जुळलं नाही तर एकाला खोटं पाडण्याची घाई तिथे नाही. दोघांचंही ऐकून घेतलेलं आहे.

गोविंदप्रभूंच्या चरित्रात तर पाहणाऱ्यांमधला मतभेद हाच कथेचा गाभा आहे. ते गावातल्या पोरांबरोबर खेळत, कुणाच्याही घरात शिरत, मनात येईल ते मागत. गावातल्या काहींना ते वेडे वाटले, काहींना देव वाटले. चरित्रकाराने ही दोन्ही मतं ठेवली. ते खेळकरपणे आपल्या लग्नाची हौस मांडून बसले तेव्हा महदाइसेने त्या प्रसंगासाठी धवळे, म्हणजे लग्नगीतं, रचले. एका खेळातून मराठीतल्या पहिल्या कवयित्रीचं काव्य जन्माला आलं. खेळ आणि गंभीर वाङ्मय यांच्यामध्ये रिद्धपूरने भिंत घातली नव्हती.

आणखी एक उदाहरण मला या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं वाटतं. कावळ्याचं घर शेणाचं आणि चिमणीचं घर मेणाचं, ही गोष्ट प्रत्येक मराठी बाळाने भात खाता खाता ऐकलेली आहे. तिचं फार जुनं रूप लीळाचरित्रात सापडतं आणि ते स्वामींच्या तोंडचं आहे. म्हाइंभट संस्कृत शास्त्रांत मुरलेले पंडित होते. त्यांच्यासमोर ही आठवण आली तेव्हा ते 'हे पोरांचं आहे' म्हणाले नाहीत. तत्त्वचर्चेच्या लीळा त्यांनी ज्या काळजीने टिपल्या त्याच काळजीने ही बालकथाही टिपली. एवढ्या एका निर्णयामुळे मराठी बालकथेचा सातशे वर्षांहून जुना पुरावा आज आपल्या हाती आहे.

वैनगंगेकाठचा मुलगा

वऱ्हाडात सगळ्या वयांनी एकत्र बसून पाहिलेली ॲनिमेशन मालिका म्हटली की माझ्या पिढीला मोगलीच आठवतो. जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने 1989 साली किपलिंगच्या 'जंगल बुक'वर 52 भागांची मालिका केली. 1993च्या सुमारास ती हिंदीतून दूरदर्शनवर आली. गाणं गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाजांचं आणि शेरखानाचा आवाज नाना पाटेकरांचा. रविवार सकाळ तिच्या नावाने लिहिली गेली. वीज असली तर ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या घरी अर्धी आळी जमायची. पुढे सतरंजीवर पोरं, मागे बाजेवर म्हातारी माणसं, दारात उभे राहिलेले गडी.

जपानी चित्रकारांनी काढलेलं ते जंगल आमच्या शेजारचं होतं, हे तेव्हा फार थोड्यांना ठाऊक असेल. किपलिंग कधी शिवनीच्या रानात गेला नव्हता, पण 1894 साली त्याने आपली कथा तिथेच, सातपुड्याच्या कुशीत बसवली. शेरखान वैनगंगेच्या काठचा. ही वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली असा प्रवास करते. अमरावती जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वाहणारी आमची वर्धा तिला चपराळ्याजवळ भेटते आणि दोघी मिळून प्राणहिता होतात. किपलिंगच्या पुस्तकात लांडग्यांच्या कळपावर चाल करून येणारी रानकुत्री दख्खनमधली आहेत. आमच्याकडे त्यांना कोळसून म्हणतात आणि मेळघाटात ती आजही आहेत. देशातले पहिले व्याघ्रप्रकल्प 1973-74 साली जाहीर झाले, त्यांत मेळघाट होता. म्हणजे मोगली पाहणाऱ्या वऱ्हाडी प्रेक्षकाला वाघ परका नव्हता. काहींनी त्याचा माग पाहिलेला होता, काहींची गुरं त्याने नेलेली होती.

म्हणूनच इथली मतं इतरांसारखी नव्हती. मेळघाटाच्या कडेला वाढलेल्या एका माणसाचा लहानपणचा आक्षेप मला आजही पटतो. तो म्हणे, 'वाघ निघाला का आंधी माकडं ओरडतात, सांबर ओरडते. हा शेरखान येते तवा सारं रान चूप कसं?' चित्रात न दिसणारा आवाज त्याला कमी जाणवत होता. हे जाणकाराचं मत होतं आणि जाणकाराचं वय होतं दहा. दुसऱ्या एका मुलाला किची नावाचं ते तांबूस जनावर कुठलं हा प्रश्न पडला होता, कारण तसलं काही त्याच्या आज्याने पाहिलं नव्हतं. त्याची शंका रास्त होती. लाल पांडा हिमालयातला, सातपुड्यात तो नाही.

बाजेवरच्या म्हाताऱ्यांचं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे असायचं. शेतमजुरी करत जन्म गेलेली एक आजी मालिका संपल्यावर म्हणायची, 'लांडगीनं आपल्या पिलाईत परक्याचं लेकरू वाढवलं. अन् मानसाईले त्याले आपलं म्हनाले इतके दिवस लागले. मंग जनावर कोन म्हनाव, बाप्पा?' तिला पाठलाग आणि झुंजी यांच्याशी कर्तव्य नव्हतं. दुसऱ्याच्या मुलाला पोटाशी धरणं तिने स्वतःच्या आयुष्यात केलं होतं आणि त्याचीच कथा तिला पडद्यावर दिसत होती.

मधल्या वयाच्या बायाबापड्यांना आणि तरुणांना छळणारा प्रश्न तिसराच होता. मोगली शेवटी कुठला? रानाचा की गावाचा? शिक्षणासाठी अमरावती-नागपूरला गेलेल्या, सुट्टीत घरी आल्यावर वऱ्हाडी बोलताना अडखळू लागलेल्या मुलांना हा प्रश्न आतून कळत होता. आणि ज्या घरात बाप गेलेला होता त्या घरातलं लेकरू मोगलीकडे कसं पाहत असेल, याचा विचार आम्ही मोठ्यांनी पुरेसा केला नाही. वऱ्हाडात अशी घरं पुढच्या वर्षांत वाढत गेली. त्या लेकरांना मरण, पोरकेपण आणि भीती यांपासून दूर ठेवणारी कथा ही त्यांच्या आयुष्याला पाठ दाखवणारी कथा असते. जंगल बुक मुलाला सांगतं की आईबाप गेल्यावरही जग उरतं, त्यात नियम असतात, शिकवणारे बल्लू आणि बघीरा असतात. एखाद्या घरात असलं सांगणं फार मोठं काम करून जातं.

एका खोलीत एवढी मतं एकाच वेळी नांदत होती. रिद्धपूरच्या पद्धतीने कुणी ती टिपून ठेवली असती तर वऱ्हाडाने एका जपानी मालिकेत स्वतःला कसं पाहिलं याचा अनमोल दस्तऐवज आज आपल्याकडे असता.

बारा वर्षांचा आंग आणि म्हातारा आयरो

जगात या प्रकारातल्या ज्या मालिकेचं नाव आज आदराने घेतलं जातं ती 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'. 2005 ते 2008 या काळात निकलोडियनवर तिचे तीन खंड आणि 61 भाग झाले. मायकल दान्ते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झ्को हे तिचे निर्माते. 2008च्या पीबॉडी पुरस्कारांत तिचा समावेश होता. पाणी, माती, अग्नी आणि वारा या तत्त्वांवर हुकमत असणाऱ्या चार जनसमूहांची ही कथा आहे. तिचा नायक आंग अवघ्या बारा वर्षांचा आहे. जगाचा समतोल राखण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे, पण त्याला खेळायचं असतं. तो घाबरून पळतो, शंभर वर्षं बर्फात गोठून राहतो आणि जागा होतो तेव्हा त्याचे सगळे लोक मारले गेलेले असतात.

वऱ्हाडातल्या महाविद्यालयीन मुलांकडून आणि अमेरिकेतल्या मराठी आईवडलांकडून मी या मालिकेविषयी ऐकत आलो आहे. वयाप्रमाणे मतं कशी वळतात याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. लहानांना उडणारा बैल आप्पा हवा असतो आणि सोकाचे विनोद हवे असतात. पंधरा-सोळा वर्षांची मुलं झुकोपाशी थांबतात. बापाने ज्याचा चेहरा जाळून हद्दपार केलं, तोच मुलगा त्याच बापाची शाबासकी मिळवण्यासाठी जगभर फिरत असतो. अमरावतीचा एक विद्यार्थी मला म्हणाला होता, 'सर, झुको चांगला झाला हे मोठं नाही. चांगला होता होता पुन्हा घसरला आणि मग उठला, हे मोठं आहे.' नीतिशास्त्राच्या वर्गात याहून नेमकं वाक्य मी ऐकलेलं नाही.

चाळिशीतल्या प्रेक्षकांचं मन मात्र झुकोच्या काकावर, आयरोवर जडतं. मुलांना तो चहाचा शौकीन, गमत्या म्हातारा वाटतो. दुसऱ्या खंडात बा सिंग से या शहरातल्या छोट्या छोट्या गोष्टींचा एक भाग आहे. तिथे आयरो दिवसभर अनोळखी माणसांना मदत करत हिंडतो आणि संध्याकाळी एका टेकडीवर जाऊन युद्धात मेलेल्या आपल्या मुलासाठी गातो. आयरोला आवाज देणारे माको 2006 साली वारले आणि ती छोटी कथा त्यांच्या स्मृतीला अर्पण केली आहे. एका आईने मला सांगितलं की तिचा मुलगा तो भाग पाहून हसत होता आणि ती रडत होती. दोघांनी पाहिलं तेच आणि दोघांचंही पाहणं खरं होतं.

शेवटाविषयी तर प्रेक्षकांत आजही वाद चालतो. क्रूर अग्निराज ओझाई याला मारावं, असं सगळे आंगला सांगतात. आंग जीव घेत नाही. त्याच्याकडची शक्ती काढून घेतो आणि त्याला जिवंत ठेवतो. अनेकांना ही पळवाट वाटते, कारण ही नवी विद्या त्याला ऐन वेळी मिळते आणि कठीण निवड टळते. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की संपूर्ण जमात मारली गेल्यावरही तिची अहिंसा एकट्याने धरून ठेवणं हीच सर्वांत कठीण निवड होती. माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे आणि त्याचं मूळ इथल्या मातीत आहे. लीळाचरित्रात कुत्र्यांनी पाठलाग केलेला ससा स्वामींच्या गुडघ्याखाली येऊन लपतो. पारधी तो मागतात आणि शरण आलेल्याला स्वामी देत नाहीत. मराठी शाळांमधून कित्येक पिढ्यांनी हा प्रसंग वाचला आहे. तो वाचून मोठं झालेलं मूल आंगच्या निर्णयाकडे पळवाट म्हणून पाहणार नाही, निदान इतक्या सहज नाही. तरी आधीच्या बाजूचं मतही तितकंच नोंदवण्यासारखं आहे. निर्णय मोठा असेल तर त्याची किंमत कथेने दाखवायला हवी, अशी त्यांची मागणी आहे आणि ती कथेच्या भल्याचीच आहे.

लाडू खाऊन जिंकणं

आता आपल्याकडच्या मालिकांकडे वळू. 2008 साली आलेल्या 'छोटा भीम'ने भारतीय मुलांना भारतीय वेशातला नायक दिला, हे मोठं काम झालं. ढोलकपूर, लाडू, चुटकी, कालिया हे शब्द वऱ्हाडातल्या अंगणवाडीपर्यंत पोहोचले. चार-पाच वर्षांच्या मुलांचं त्यावर मनापासून प्रेम आहे आणि त्या प्रेमाचा मान राखलाच पाहिजे. पण आठ-नऊ वर्षांची झाली की मुलं स्वतःच त्यातली उणीव सांगू लागतात. 'भीम हरतच नाही, मंग पाहाचं काय?' हे वाक्य मी एकाहून अधिक मुलांकडून ऐकलं आहे. लाडू खाल्ला की ताकद येते आणि ताकद आली की जिंकायचं. शक्तीची किंमत कुणाला मोजावी लागत नाही, पराभवातून कुणी काही शिकत नाही. मुलं हे ओळखतात. मोठ्यांनी त्यांना विचारलं नाही म्हणून ते मोठ्यांपर्यंत पोहोचत नाही.

ॲनिमेशन म्हणजे हलकंफुलकं, या समजुतीची किंमत आपण पूर्वीही मोजली आहे. युगो साको या जपानी निर्मात्याला रामायणावर ॲनिमेशनपट करायचा होता तेव्हा रामाला कार्टून करणं योग्य नाही, असा आक्षेप भारतातून निघाला. राम मोहन यांच्या साथीने तो चित्रपट 1992 साली पूर्ण झाला. 2025च्या जानेवारीत तो भारतातल्या चित्रपटगृहांत आला तेव्हा लहानपणी टीव्हीवर तो पाहिलेले लोक आपल्या मुलांना घेऊन गेले. त्याच वर्षी जुलैत 'महावतार नरसिंह' हिंदी, कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम या भाषांत आला आणि आजीपासून नातवापर्यंत सारं कुटुंब ॲनिमेशन पाहायला तिकीट काढतं, हे सिद्ध झालं. प्रेक्षक होताच. त्याच्यावर विश्वास ठेवायला निर्मात्यांनी वेळ लावला.

या कलेत मराठी माणूस मागाहून आलेला नाही. दादासाहेब फाळके यांनी 1912 साली वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपून पडद्यावर आणली आणि 1915च्या सुमारास आगकाड्या नाचवल्या. प्रभातने 1934 साली 'जंबूकाका' हा व्यंगचित्रपट केला. गो. के. गोखले यांचं नाव भारतीय ॲनिमेशनच्या पहिल्या फळीत आहे. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये 1956 साली व्यंगचित्रपटांचा विभाग सुरू झाला आणि डिस्नेचे क्लेअर वीक्स तिथे शिकवायला आले. तिथल्या 'बॅनियन डियर' या 1957च्या लघुपटात जातककथा अजिंठ्याच्या चित्रांच्या वळणाने रंगवली होती. 1974चा 'एक अनेक और एकता' विजया मुळे यांचा. 2005चा 'हनुमान' व्ही. जी. सामंत यांचा. 2018 साली 'प्रभो शिवाजी राजा' मराठीत आला. हात आपल्याकडे होते आणि आहेत. सर्व वयांनी वर्षानुवर्षं पाहावी आणि जिच्यावर भांडावं अशी अद्भुत साहसाची मालिका मात्र मराठीत झालेली नाही.

वयाचे आकडे आणि एक खोली

आता मालिकेच्या कोपऱ्यात वय छापलेलं असतं. 2021च्या नियमांनी ऑनलाइन मालिकांना 7, 13 आणि 16 वर्षांवरचे असे गट दिले. 2024पासून चित्रपटांच्या प्रमाणपत्रांतही हेच गट आले. मुलांना अघोरी दृश्यांपासून जपण्यासाठी हे गरजेचं आहे आणि त्याला माझा पाठिंबा आहे. पण हा आकडा कधी पाहू नये एवढंच सांगतो. कुणाबरोबर पाहावं हे त्यातून कळत नाही.

मोगलीच्या वेळी सगळी वयं एका खोलीत होती ती टीव्ही एकच होता म्हणून. त्या टंचाईचं कौतुक करण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता त्या मुलांना दारातून पाहावं लागे आणि दारात कुणी उभं राहायचं हे पुष्कळदा जातीवरून आणि गरिबीवरून ठरे. मोबाइलने ते दार उघडलं, ही खरी प्रगती आहे. हरवलं ते एवढंच की पाहून झाल्यावर लगेच शेजारच्या माणसाचं वेगळं मत कानावर पडत नाही. मूल एकटं पाहतं. त्याला पुढचा भाग मिळतो, प्रश्न विचारणारा मिळत नाही.

वऱ्हाडाला प्रश्न विचारणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात एकटे बोलत नसत. ते समोरच्यांना प्रश्न टाकत, उत्तर काढून घेत आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न उभा करत. समोर म्हातारे असत, कडेवरची पोरंही असत. लोकांनी सत्य फक्त ऐकून घ्यावं एवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं, ते लोकांच्या तोंडून यावं असा त्यांचा आग्रह होता. रिद्धपूरच्या महदाइसेची ख्यातीही तिच्या प्रश्नांमुळेच आहे. ती स्वामींना विचारत राहिली आणि तिच्या विचारण्यातून लीळाचरित्राला कितीतरी पानं मिळाली. आईबापांनी मुलाशेजारी बसून एक भाग पाहावा आणि संपल्यावर 'तुला काय वाटलं?' एवढं विचारून गप्प राहावं. आपलं मत आधी सांगू नये. ही खोली पुन्हा उभी करायला याहून जास्त काही लागत नाही.

रिद्धपूरने हे हाती घ्यावं

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहत आहे. 2024 साली त्याची स्थापना झाली आणि त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. अभिजात म्हटलं की आपण मागे पाहतो. पोथ्या, शिलालेख, ताम्रपट यांचा अभ्यास व्हायलाच हवा. पण लीळाचरित्र लिहिलं जात होतं तेव्हा ते नव्या गद्यात, बोलत्या भाषेत, आपल्या काळातल्या माणसांविषयी लिहिलं जात होतं. रिद्धपूरचा वारसा चालवायचा तर आजच्या मुलांच्या आजच्या कथांकडेही त्याच लक्षाने पाहिलं पाहिजे.

माझी मागणी दोन कामांची आहे. पहिलं काम मतं गोळा करण्याचं. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या शाळांत, वाचनालयांत, गावच्या पारावर जाऊन लोकांनी पाहिलेल्या मालिकांविषयी त्यांच्याच शब्दांत ऐकावं. बोलणाऱ्याचं वय लिहावं, गाव लिहावं. आजी आणि नातू यांचं जुळलं नाही तर दोघांचंही लिहावं. मराठीच्या विद्यार्थ्याला संशोधनाची पद्धत शिकवायला म्हाइंभटांइतका जवळचा गुरू नाही.

दुसरं काम मालिका घडवण्याचं. केसोबासांनी संकलित केलेल्या 'दृष्टांतपाठा'त 114 दृष्टांत आहेत. आंधळ्यांनी चाचपलेला हत्ती त्यातलाच. कुणाला तो खांब वाटतो, कुणाला सूप. लहान मूल त्या चुकांवर खळखळून हसेल आणि मोठा माणूस आपण कुठला भाग चाचपतो आहोत या विचाराने अस्वस्थ होईल. सर्व वयांची कथा याहून वेगळी काय असते? मेळघाटातलं रान आहे, कोरकूंच्या कथा आहेत, गाविलगड आहे, दंडारीतली सोंगं आहेत. पंथाच्या श्रद्धेचा मान राखून, अवतारांची चित्रं काढण्याचा हव्यास न धरता, या दृष्टांतांच्या जगात आजचं एक पोरगं आणि एक पोरगी पाठवता येतील. ती हरावीत, घाबरावीत, चुकीच्या बाजूला जाऊन परत यावीत. त्यांच्या रानात वाघ निघण्याआधी माकडांनी ओरडावं. त्यांना वडील नसतील तर कथेने ते लपवू नये. आणि त्यांनी वऱ्हाडीत बोलावं, कारण आजवर आमच्या मुलांनी शूर माणसांना हिंदी-इंग्रजीत बोलताना ऐकलं आहे आणि वऱ्हाडी फक्त हशा पिकवायला वापरलेली पाहिली आहे. आपल्या बोलीत कुणी दुःख करतो, निर्णय घेतो, जगाला वाचवतो, हे ऐकण्याचा हक्क मोर्शीच्या मुलालाही आहे.

अशी मालिका तयार झाली की ती आधी तज्ज्ञांना न दाखवता एखाद्या गावात सगळ्या वयांसमोर लावावी आणि मतं लिहून घ्यावीत. 'चांगली', 'छान' असं सगळे एका सुरात म्हणाले तर पुन्हा कामाला लागावं. आजी एका पात्रासाठी भांडली, नातवाने दुसऱ्याची बाजू घेतली आणि आईला तिसरंच काही लागलं, तर मालिका सर्व वयांची झाली असं समजावं. आणि त्या दहा वर्षांच्या मुलाचं मत कागदावर उतरवताना त्याचं 'मले' खोडून 'मला' करू नये. साक्ष ज्याची त्याच्याच शब्दांत ठेवायची असते. त्याने ती दिली आहे, आता ती जपण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याची आहे.